हर्रासाचा गळा

वलगावहून अमरावतीच्या भाजीबाजारात आलो तेव्हा माझ्याकडे ना गाळा होता, ना भांडवल. गळा होता. त्याच्या जोरावर हर्रास, म्हणजे भाजीचा लिलाव, बोलत बोलत अडतीचं दुकान उभं केलं. धाकट्या भावाला बोली करायला मीच शिकवलं.

मागल्या वर्षी आवाज बसला तो उठेचना. अकोल्याच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून माझा कंठ मला पडद्यावर दाखवला. आत दोन पांढुरक्या पट्ट्या. श्वास घेतला की बाजूला व्हायच्या. ‘ई’ म्हटलं की जवळ येऊन खालून येणाऱ्या हवेनं थरथरायच्या. त्या थरथरीचाच आवाज होतो, शब्द पुढे जीभ-ओठ करतात. हमालाच्या खांद्याला पडतो तसा घट्टा माझ्या पट्ट्यांच्या कडांना पडला होता. त्या पुरत्या मिटत नव्हत्या, मधून हवा निसटत होती.

"पंधरा दिवस एक शब्द नाही. कुजबुजही नाही," डॉक्टर म्हणाले. "ओरडलात तर आहे तेही जाईल."

भाऊ म्हणाला, "दादा, तुमी गादीवर बसा. मी बोलतो ना! तसेही तुमी गप बसलेलेच चांगले दिसता."

बसलो. एका सकाळी अंजनगावचा एक जुना बागवान सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन आला. माझ्या पहिल्या दिवसांपासून त्याचा माल माझ्याकडेच. घेणाऱ्यांत भावाचा साळा उभा होता. त्यानं पडेल भाव लावला, आणि बाकीचे तोंड उघडायच्या आत भावानं घाईनं "एक... दोन..." सुरू केलं.

बागवान माझ्याकडे वळला. "सेठ, काहून चूप बसले? बोला ना!"

मी हात वर केला. पण आमच्याकडे "तीन" म्हणायच्या आत बोली तोंडानंच मोडावी लागते, हाताला कोणी मानत नाही. भावानं माझा हात पाहिला आणि मान फिरवली.

मी ओरडलो. गळ्यात काहीतरी टरकलं. बाहेर नुसती हवा आली.

"सेठचं टायर पंक्चर झालं!" कोणीतरी हसलं.

"तीन," भाऊ म्हणाला.

डॉक्टरांना पट्टीवर रक्त साकळलेलं दिसलं. ते विरलं, आवाज मात्र घरघरीपुरता उरला. बागवान शेजारच्या अडतीत जातो. भाऊ सगळ्यांना सांगतो, "दादाले डॉक्टरनं मना केलं होतं, पण राग आवरते कुठं!"

रोज सकाळी तो माझ्याच सुरात बोली करतो. शेवटचं अक्षर लांबवायची माझी लकबसुद्धा त्यानं उचलली आहे. त्याची बोली मोडायची तर मला शेजारी बसलेल्या मुनिमाच्या कानात घरघरावं लागतं. मुनीम ऐकतो, मान डोलावतो, आणि मोठ्यानं बोलायच्या आधी भावाकडे बघतो.