अर्धी भाकर

त्या वर्षी आमच्या घरात दोन पोटं एकदमच वाढत होती, माझं आणि धाकट्या बहिणीचं. माझं माहेर आणि सासर दोन्ही अमरावतीतच. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. जरा पाय सुजले की मी ऑटोत बसून हजर! बहीण दिली होती तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यात. तिला सोनोग्राफीसाठी अकोला गाठावं लागे, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नेणार कोण? सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी आली, तेव्हा कुठे तिची पहिली सोनोग्राफी झाली.

"बाळाचं वजन कमी आहे. जेवता ना नीट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बहिणीनं मान खाली घातली. "सासूबाई म्हणतात, अर्धी भाकर कमी खाय. लेकरू मोठं झालं तं अडते."

माझा पारा चढला. बाहेर येताच तिच्या सासूला फोन लावायला निघाले, तर बहिणीनं हात धरला. "नको व ताई. त्यायची लेक बायंतपणात अडली. अकोल्याले नेता नेता गेली. मायेनंच सांगतात त्या."

फोन परत पर्समध्ये गेला. राग गेला नाही, पण आता तो काढायचा कुणावर ते कळेना.

मग आईनं कंबर कसली, मलाही माहेरी बोलावून घेतलं. दोन्ही वेळा आम्हा दोघींची ताटं समोरासमोर. भाकरी, डाळभाजी, अंडी, वर गोळ्या. बहीण मध्येच थांबून विचारायची, "अडनार तं नाई ना व?"

"अडलं तर दवाखाना इथेच आहे. खा!" मी दटावायची आणि त्या भरात माझीच एक भाकरी जास्त जायची.

माझा पोरगा आधी झाला, चांगला गुबगुबीत. पण घराचे डोळे लागले होते ते हिच्याकडे. तिला मुलगी झाली. दोन किलो सहाशे! डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या अडीचच्या वर! आईनं दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबला. मी तर आनंदानं ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. आधी सुनेच्याच तोंडावरून हात फिरवला. "सुटली ना व माय?" मग नातीला मांडीवर घेतलं. "पोटभर खाऊन बी सुटते तं! मले पयलेच कोनी काहून नाई सांगतलं?"

त्यांनी डोळे पुसले, डबा उघडला. बहिणीनं सवयीनं लाडू मोडून अर्धा उचलला.

"अख्खा घे," सासूबाई म्हणाल्या.