खर्ड्याच्या कांदा चाळीत वाळवलेली नवरीची गाडी

भाची कोमलचं लग्न राहात्याला ठरलं, तेव्हाच मी जाहीर केलं की खर्ड्याहून नवरी माझ्या गाडीतून जाणार. बायको म्हणाली, "अहो, ते भाड्याची गाडी करतील की." करतील. पण तिच्या टायरची हवा कोण बघणार?

लग्नाच्या दोन दिवस आधी केडगाव सोडलं. तुम्हीही खर्ड्याला जाणार असाल तर कडा-आष्टीवरून जामखेड गाठा. मध्ये थोडा बीड जिल्हा लागतो, दचकू नका. कड्याला चहा, जामखेडला भेळ. ऊन उतरल्यावर खर्ड्याचा भुईकोट पाहिला. जमिनीवरून सरळ उठलेला तो तट बघून मी अक्षरशः टाळी वाजवली! दगडांचे सांधे हात लावून बघा. असं बांधकाम हवं!

रात्री अवकाळी कोसळला. गाडी साडूंच्या दारातल्या चिंचेखाली होती. सकाळी डाव्या सीटपुढे पाय ठेवला आणि पचकन आवाज आला. रबरी मॅटखाली तळं!

माझे साडू, म्हणजे कोमलचे वडील बाळासाहेब, कमरेवर हात ठेवून उभे. "पावसात ठेवल्यावर पानी येनारच की, पाव्हणं."

"बाळासाहेब, गाडी म्हणजे टोपली नव्हे. आलंय म्हणजे कुठून तरी आलंय."

"आवो, उद्या पोरगी शालू नेसून बसनार हाय त्यात. सांजच्याला सुकली न्हाई तर मी जीप सांगतो."

झालं! आता प्रश्न इज्जतीचा होता. गॅरेजची पायरी मी चढत नाही. जे येतं ते स्वतः उघडून, बिघडवून शिकलेलो आहे. पुढच्या काचेच्या तळाशी जी काळी जाळी असते, तिच्यावर तांब्यातांब्याने पाणी ओतलं. खाली जमिनीवर थेंब नाही, आत मात्र धार! जाळी काढली तर निचऱ्याच्या भोकात चिंचेचा पाला घट्ट बसलेला. तो निघाला आणि पाणी खळखळत चाकामागे उतरलं. असा आनंद झाला म्हणून सांगू!

इथे बरेच जण चुकतात: वरून फडकं मारतात आणि खूश होतात. पाणी असतं गालिच्याखालच्या फोममध्ये. आधी बॅटरीची वायर सोडा, मग सीट काढा, गालिचा पूर्ण उचला. तो पिळला तर बादली भरली.

पण वाळवायचा कुठे? आभाळ भरलेलं, अंगणात चिखल. तेवढ्यात समोर बाळासाहेबांची कांदा चाळ दिसली. वर पत्रा, बाजूला पट्ट्या, तळातूनही वारा. नुकतीच निम्मी भरलेली. मी सीट आणि गालिचा थेट कांद्यांच्या वर टांगले.

"आता मोटर बी चाळीत साठवता व्हय? भाव आल्यावर इका!" बाळासाहेब म्हणाले. सगळं वऱ्हाड हसलं. हसू दे. संध्याकाळी फोम दाबून पाहिला, कोरडा ठणठणीत! दिवेलागणीला गाडी जोडून तयार. जीप रद्द!

सकाळी निघालो. मागे कोमल आणि दोघी बहिणी, म्हणजे तिची आई नि माझी बायको, पुढे बाळासाहेब. "मी न्हाई रडनार, लगीन हाय, मयत न्हाई," असं त्यांनी आदल्या दिवशी चारचौघांत सांगितलेलं. जामखेड मागे पडलं आणि उपरण्याचं टोक डोळ्यांकडे गेलं.

"आप्पा, रडताय का?" मागून कोमल.

"न्हाई गं. काकांच्या गाडीला कांद्याचा वास लई हाय. झोंबतंय डोळ्याला."

आता, चाळीतला अखंड कांदा डोळ्यांना झोंबत नाही, चिरल्यावर झोंबतो. हे मला माहीत आहे, आणि जन्मभर कांदा पिकवलेल्या माणसाला तर माहीत आहेच. मी तोंड उघडलंही होतं. मग नुसती त्यांच्या बाजूची काच थोडी खाली केली.

"खरंच फार वास आहे," मी म्हणालो.

केडगावला परतून बरेच दिवस झाले. गालिचा कोरडा, जाळी साफ, वास मात्र ठाम. परवा बायको म्हणाली, "अहो, एखादा सुगंधी फवारा तरी मारा." मी म्हटलं, राहू दे. बाळासाहेबांना पुढच्या महिन्यात लेकीला भेटायला राहात्याला जायचंय, माझ्याच गाडीतून. परतीच्या वाटेवर त्यांना लागेल.