जवळची खूण

मोरिवलीतल्या आमच्या शेजारच्या काकू रिक्षावाल्यालाही आधी खूण सांगतात, मग ठिकाण. सीमेवर लढाई पेटली, त्यांच्या फौजी लेकाचा फोन बंद झाला, तसा काकूंनी रोज एका पत्राचा सपाटा लावला. सैन्याच्या पत्त्यात नुसते आकडे, गावाचं नाव नाही. काकूंनी खाली ठसठशीत लिहिलं, ‘बर्फाच्या डोंगरासमोर’.

“काकू, आकडे पुरतात हो!” मी म्हणालो.

“तुझ्या घरी तरी कोणी गिरणी विचारल्याशिवाय पोचतं का रे?”

लेकाचं उत्तर येईना. काकूंचं जेवण कमी झालं, पत्रं नाही.

काल एकदाचं उत्तर आलं. ‘आई, तुझी सगळी पत्रं मिळाली. मी सुखरूप आहे. फक्त इथे बर्फ नाही.’

काकूंनी डोळे पुसले, नवं पाकीट ओढलं आणि पत्त्याखाली लिहिलं, ‘बिनबर्फाच्या डोंगरासमोर’.