चेकरबाईच्या चार मुलाखती

मधली भिंत एका विटेची. पलीकडे धाकटा दीर आणि जाऊ, अलीकडे मी. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही काढून ताकात ठेवता येत नाहीत.

"आजही काढलीस ना खोट?" दीर विचारत होता.

"मी नाही काढली. ती होतीच."

"अगं, नोकरी मागायला गेली होतीस की झडती घ्यायला?"

"कॉलरचं एक टोक लांब, एक आखूड. दिसल्यावर काय डोळे मिटू?"

"हो, मीट! घटकाभर मिटलेस तर आंधळी होणार नाहीस."

"तुम्ही गोदामात वजन करताना मिटता का?"

मग भांडं आपटलं.  त्यांचं भांडण कधी मिटायचं नाही, दोघं दमायची तेव्हा थांबायचं.

त्याला आता पंचवीस-तीस वर्षं झाली. पण मी त्यात नाक खुपसलं, म्हणून ते अजून माझ्या मानगुटीवर बसलंय.

माझी ही जाऊ शिवणाच्या कारखान्यात कपडे तपासायची. बावीस वर्षं तेच काम. शिवलेला शर्ट टेबलावर आला की ती आधी तो उलटा करायची. म्हणायची, सुलट बाजू सगळ्यांचीच बरी असते. काखेतून अंगठा फिरवायची, काजं बघायची, सुटा धागा दाताने तोडायची, आणि चुकलेल्या जागी पिवळ्या खडूने फुली मारायची. तिथे तिला कुणी नावाने हाक मारत नसे. चेकरबाई म्हणायचे. घरीही तेच नाव पडलं, कारण घरीही तिचं तेच चालायचं. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी त्याच्या बाहीकडे बघायची. माझ्या व्याह्यांना एकदा दारातच सांगितलं, "पँटची मागची शिवण जाणार आहे, जपून बसा." ते रागावून दाणकन बसले. शिवण गेली.

मग कारखाना बंद पडला. ती तेव्हा सेहेचाळीसची. दीर गोदामात दिवसभर काट्यापाशी उभा असायचा, पण त्याच्या गुडघ्यांनी त्याच्या आधीच राजीनामा दिला होता. वर्ष संपलं की तो घरी बसणार हे नक्की. त्याआधी हिला कुठेतरी चिकटणं भाग होतं.

मुलाखती मात्र तिच्या झोकात व्हायच्या. अडखळणं नाही, लाजणं नाही. "किती वेळा माल परत आला तुमच्या हातून?" असं विचारलं की म्हणायची, "दोनदा. दोन्ही वेळा मी रजेवर होते." साहेब हसायचे, चहा मागवायचे, आणि खुशीत येऊन म्हणायचे, "चला, आमचा कारखाना दाखवतो."

तिथेच माशी शिंकायची. चालता चालता हिचा हात एखाद्या ढिगाकडे जायचा, कपडा उलटा व्हायचा, आणि सगळ्या कामगारांसमोर ही साहेबांना सांगायची, "हा माल परत येणार बघा." साहेबांच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथे वाळायचं. "बरं. कळवतो हं."

तीन ठिकाणी गेली. कळवलं कुणीच नाही.

"जाऊबाई, चुकलं काय माझं?" ती मला विचारायची. "काम येतं, तेच तर दाखवलं."

"अगं, पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलं की त्यांची जळमटं दाखवतं का कुणी?"

"जळमटं काढायलाच बोलावलं असेल तर?"

 पण मोठ्या जावेने उत्तर नाही म्हणून गप्प बसायची रीत आमच्यात नाही. "आधी आत तर शीर," मी म्हटलं. "मग काय काढायचं ते काढ."

चौथ्या मुलाखतीच्या सकाळी मी तिला माझी कापडी पिशवी दिली. "ही दोन्ही हातांनी पोटाशी धरायची. सोडलीस तर माझी शपथ आहे." तिने मान डोलावली. एरवी ऐकलं नसतं. पण माणूस दमलं की त्याला कुणीही शहाणपण शिकवावं.

आली ती हसत आली. मालक म्हातारे, मूळचे शिंपी. तासभर बोलले, दोनदा चहा दिला. मग कारखान्यात नेलं. टेबलावर एकच शर्ट पसरलेला होता. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे. मालक म्हणाले, बघा आमचं काम.

"मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, छान आहे." तिने बोटं पुढे केली. पिशवीच्या बंदांचे लाल वळ उठले होते. "आंधळ्यालाही दिसलं असतं हो, जाऊबाई."

आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. दीर तर त्या दिवशी गुडघे विसरून दोनदा जिना उतरला.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. शेवटी मीच चपला अडकवल्या आणि त्या कारखान्यावर गेले. दारात सह्या घेणारी एक बाई बसली होती. तिला म्हटलं, तपासणीच्या जागेचं काय झालं?

"ती भरली की. तुमचं कोण आलं होतं?"

मी वर्णन केलं.

"हां, त्या पिशवीवाल्या! मालकांना किती आवडल्या होत्या. पण शर्ट नाही ओळखता आला त्यांना."

"कुठला शर्ट?"

"टेबलावरचा. मुद्दाम चुकवून शिवलाय. तपासणीला जो येईल त्याच्यापुढे तोच ठेवतात. मालक फार हळहळले. म्हणाले, बोलणं इतकं पक्कं, आणि नजरच नाही."

"तेवढं कळवायचं तरी!"

"काय कळवणार, मावशी? तुम्हाला दिसत नाही, असं?"

परत येताना जिन्यावर बसले. न सांगताही भागलं असतं. पण ती उलटी बाजू बघणारी, माझं तोंड तिने वाचलंच असतं. सांगून टाकलं. ती हातातलं काहीतरी उसवत होती, ते उसवत राहिली.

"बाह्या कच्च्या टाक्यांवर होत्या," म्हणाली. "तेव्हाच मनात आलं होतं, विकायचा कपडा असा कसा. पण हातात तुमची पिशवी होती ना."

एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी घडी घालून परत दिली. ओढून ओढून एक बंद सुटला होता, तो आतून दुहेरी टीप मारून पक्का केलेला.

त्यानंतर ती मुलाखतीला कुठे गेली नाही. दीर घरी बसला. ही आजूबाजूचे कपडे दुरुस्तीला घेऊ लागली. लोक कपडा घेऊन यायचे, सोबत त्याचे आणखी चार दोष ऐकून जायचे, कुरकुरायचे, आणि पुन्हा यायचे. कारखान्यातल्या पगाराइतकं नव्हे, पण भागलं. मी तिला पुन्हा कधी, हात आवर, असं म्हटलं नाही.

गेल्या थंडीत तिला दम लागायला लागला. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचा कोट द्यायचा होता. तो तिचा शेवटचा फेरा, हे तेव्हा कुणाला माहीत. मी म्हटलं, "दे इकडे, मी देऊन येते."

"तुम्ही नुसताच द्याल."

भिंतीला धरून उतरली. मागे मी. मास्तरांनी दारातच हात पुढे केला, पण तिने कोट दिला नाही. तिथेच उलटा केला, काखेतून अंगठा फिरवला, एक धागा दाताने तोडला.

"डावा खिसा पुन्हा जाणार, मास्तर. किल्ल्यांचा जुडगा ठेवू नका त्यात."

"बरं, चेकरबाई."

मग तिने कोट सुलटा केला आणि दिला.