हाकेच्या अंतरावरची बातमी

विसूभाऊ गेल्याचे कार्ड त्याच्या जावयांनी चिपळुणाहून धाडले, त्याला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाचे गुण आठवावेत म्हणतात. मला मात्र त्याची आठवण आली की आधी चीड येते, आणि ती सगळीच त्याच्यावरची नसते...

रत्नागिरीच्या आमच्या साप्ताहिकात तो इंग्रजी बातम्यांचे भाषांतर करी आणि मी मुद्रिते तपाशी. आमची रीत अशी, की मुंबईचे इंग्रजी पत्र आगबोटीने यायचे आणि त्यात छापले तेच खरे. बंदर छापखान्यापासून हाकेच्या अंतरावर. पण तिथे काय घडले तेही आम्ही मुंबईचे पत्र हातात पडल्यावरच छापत असू. काखेत कळसा नि गावाला वळसा! त्या पत्रांत 'अलेज' हे क्रियापद मिठासारखे सगळीकडे असे, फक्त ते कोणाच्या पानात वाढायचे ते ठरलेले. साहेब, आगबोट कंपनीचे एजंट नुसते 'सांगत'. खलाशी, कुळे, उतारू बोलले की ती माणसे 'अलेज' करत. म्हणजे हा असे बोलला खरा, पण त्यावर विश्वास ठेवायला आम्ही बांधलेले नाही. विसूभाऊ त्याचे भाषांतर 'म्हणे' असे करी. मीही वर्षानुवर्षे त्यावरून नुसते डोळे फिरवले.

एकदा आगबोटीवरचे उतारू किनाऱ्याला आणणारा पडाव उलटला आणि दोन बायका बुडाल्या. पडावाचा तांडेल बाबू सर्वांना सांगत होता, की माणसे जास्त होतात, दुसरी खेप करतो असे मी म्हटले, पण एजंटाने धाक घालून भरायला लावली. चार दिवसांनी मुंबईचे पत्र आले. त्यात एजंट 'सांगत' होता आणि बाबू 'अलेज' करत होता. आमच्या अंकात आले, "एजंटाने जबरदस्तीने उतारू भरले म्हणे." दुसऱ्याच दिवशी बाबूची बायको भागी छापखान्याच्या दारात उभी. बातमी तिला कोणीतरी वाचून दाखवली होती.

"दादानू, माज्या घोवानं गळा फाटेस्तवर सांगितलान. तुमी हितंच बसून होतात. म्हणे काय म्हणे? येऊन इचारलंत काय त्याला?"

विसूभाऊचा चेहरा उतरला. तसाच चपला घालून निघाला, मलाही ओढून नेले. पडावातून वाचलेले तिघे जण पेठकिल्ल्यात राहत. बाबूने दुसरी खेप करतो म्हटले होते आणि एजंटाने दम दिला होता, हे त्या तिघांनी आमच्या दोघांसमोर सांगितले. विसूभाऊने नवी बातमी लिहिली. तांडेलाने सांगितले, उतारूंनी सांगितले. आमचे संपादक तात्या भडकले, "मुंबईवाले अलेज म्हणतात, तू कोण टिकोजीराव लागून गेलास?" मुद्रित त्यांनी माझ्यापुढे सरकवले. मी 'सांगितले' खोडले आणि तिथे 'म्हणे' लिहिले. माझ्या हाताने.

अंक वाचून विसूभाऊ एवढेच बोलला, "तू तर ऐकलं होतंस रे..." त्याने नोकरी सोडली आणि लेकीकडे चिपळुणास राहायला गेला. चौकशीत बाबूचा परवाना गेला. ज्याच्या हाती पडाव होता तो दुसऱ्यांची जाळी ओढू लागला. विसूभाऊ दर वर्षी त्याच्या वतीने कचेरीत अर्ज करी, आणि दर वर्षी उत्तर येई, अर्जदार 'अलेज' करतो, सबब अर्ज फेटाळला. अर्जाला साक्षीदार हवा म्हणून तो माझी सही मागे. तात्यांना विचारून सांगतो, असे मी म्हणे. तात्या वारले, तेव्हा मी दुसरी सबब शोधली. एका शब्दापायी का जीव आटवतोस, असे मी त्याच्यावर खेकसलोही. इतका हेकट माणूस मी पाहिला नाही, आणि त्याचा हेका बरोबर होता हे मला ठाऊक होते!

कार्ड आल्यावर त्याच्या घरच्यांना भेटायला चिपळुणास गेलो. त्याच्या खोलीत उतरत्या मेजावर यंदाचा अर्ज होता. अक्षर थोडे कापरे, बाकी सगळे पुरे. खाली 'समक्ष ऐकणारा' असे लिहून त्याने पुढे जागा कोरी सोडली होती. मी दौत मागितली.

"अहो, आता कोण विचारतोय ते?" जावई म्हणाले.

"मला विचारलं होतं," मी म्हणालो, आणि सही केली.