शंभर मिलीची बाटली

वैद्यबुवांनी आयुष्यात कुणाची नाडी पाहिली नव्हती. ते मोटरसायकली दुरुस्त करायचे. पण इंजिन चालू करून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवून, मूठ कानाशी धरून ते असे डोळे मिटायचे, की गाडीचा मालक आपोआप श्वास रोखून उभा राही. मग कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं आणि म्हणायचं, "आता बोलतेय." गाडी काय बोलते हे त्यांच्याशिवाय कुणालाच कळत नसे. नाव झालं होतं ते त्याचमुळे.

दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि वर एक पाटी: 'गाडीचे अ‍ॅव्हरेज वाढवून मिळेल'. पाटी त्यांच्या उस्तादांची. हात थरथरायला लागले तेव्हा उस्तादांनी ती स्वतः उतरवून यांच्या हातात दिली, सोबत औषधाची एक रिकामी बाटलीही दिली. बाटलीवर पांढऱ्या रंगाने ओढलेली रेघ होती. त्या रेघेपर्यंत पेट्रोल भरलं की शंभर मिली. टाकीची नळी बंद करायची, बाटली हँडलला टांगून तिची नळी जोडायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. सहा किलोमीटर गेली तर लिटरला साठ. बुवा सकाळी आधी पाटी पुसत, मग बाटली पुसत आणि मगच हात काळे करायला घेत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सासरे निवृत्त झाले.

सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदारांचे तराजू म्हणे आपसूक सरळ होत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण जावयाबद्दल त्यांनी काढलेला सर्वात गोड शब्द म्हणजे 'वाईट नाही'. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःची मोटरसायकल मोजायला घेतली, आणि एका सकाळी भरगर्दीत ती दुकानासमोर आणून उभी केली.

"जावईबापू, बेचाळीस."

"बेचाळीस काय, बाबा?"

"अ‍ॅव्हरेज. तुमच्या या पाटीखालून गेलेल्या गाडीचं."

शेजारचा पंक्चरवाला फिस्सकन हसला. तो हसला नसता तर पुढचं रामायण टळलं असतं. बुवांचं डोकं सटकलं.

"तुमच्याच हातात ही गाडी साठ देईल! नाही दिली तर पाटी उतरवतो."

"किती दिवसांत?"

"आठ!"

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, कुणापुढे बोललात हे? लहानपणी मला दूधसुद्धा पेल्याच्या रेघेपर्यंत मिळायचं. थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. त्या माणसाने आजवर कुणाला सूट दिलीय?"

बुवांनी मग जीव ओतून काम केलं. कार्बोरेटर धुतला, प्लगचा गॅप जुळवला, एअर फिल्टर बदलला, चेनला तेल दिलं, चाकांत हवा बरोबर केली. डोळे इतका वेळ मिटले की पंक्चरवाल्याला वाटलं, झोपले. बाटली टांगून स्वतः चालवली: सहा किलोमीटर शंभर मीटर. जीव भांड्यात पडला.

सासऱ्यांनी चालवली: चार किलोमीटर दोनशे.

पुन्हा ट्युनिंग. पुन्हा बुवांचे सहा, सासऱ्यांचे चार. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवसापासून पंक्चरवाला गिऱ्हाइकांना आकडे सांगू लागला. पाचव्या दिवशी बुवा गाडीच्या दोषाचं निमित्त करून सासऱ्यांच्या मागे बसले आणि दोन वळणांतच सगळं उमगलं. सासऱ्यांचा उजवा पाय घरातून निघाल्यापासून मागच्या ब्रेकवर होता. नुसता ठेवलेला नव्हता, विसावलेला होता, आरामखुर्चीत विसावावा तसा. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. आणि ओळखीचा कुणी भेटला की गाडी उभी, इंजिन चालू, गप्पा सुरू.

आता हे सांगायचं कुणी? इतर गिऱ्हाइकाला बुवांनी "पाय काढ रे" म्हणून गुडघ्यावर चापट मारली असती. पण सासऱ्यांच्या गुडघ्यावर? त्यांनी गुपचूप ब्रेकचा पेडल इतका खाली केला की पाय पोचूच नये. सासरे तासाभरात परत. "जावईबापू, ब्रेक खाली गेलाय. कामात लक्ष नाही तुमचं." बुवांनी मुकाट्याने पेडल वर घेतला.

सातव्या दिवशी बायको डबा घेऊन आली. नवऱ्याचं उतरलेलं तोंड पाहिलं, सगळं काढून घेतलं आणि तेवढ्यात वडील फेरी मारून आले तशी तडक त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, मागच्या चाकाला मधोमध हात लावा."

सासऱ्यांनी लावला आणि झटकन ओढून घेतला. "भाजतंय!"

"तुमचं पेट्रोल तिथे जळतंय. ब्रेकवरचा पाय काढा, क्लच सोडा आणि गप्पा मारायच्या असतील तर गाडी बंद करा. तुमचे जावई तीन दिवस सांगायचं म्हणतायत, पण तुम्हाला घाबरतात."

सासरे बोटांवर फुंकर घालत राहिले. जावयाकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं. "उद्या शेवटची फेरी," एवढंच म्हणाले.

आठव्या दिवशी गल्ली जमली. बाटली रेघेपर्यंत भरली. सासरे पाय असे फाकवून निघाले की ब्रेक जणू तापलेला तवा आहे. बुवा पाटीखाली उभे होते. पाटी आपण आज पुसलीच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

सासरे गाडी ढकलत परतले. "पाच किलोमीटर आठशे. म्हणजे अठ्ठावन्न."

"दोनच तर कमी!" पंक्चरवाला प्रथमच बुवांच्या बाजूने बोलला. "सोडून द्या ना, साहेब."

"कमी म्हणजे कमी," सासरे म्हणाले.

बुवांनी वाद घातला नाही. शब्द त्यांचा होता. स्टूल घेतलं, पाना घेतला, वर चढले. पहिला बोल्ट सुटला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"खाली उतरा जरा," मागून आवाज आला. सासऱ्यांनी पिशवीतून काचेचं मापाचं भांडं काढलं होतं, खात्याने निरोप देताना दिलेलं. "इतके दिवस मी बोललो नाही. जावयाच्या दुकानात माप तपासायचं बरं दिसत नाही. पण ही रेघ मला पहिल्या दिवसापासून खुपतेय. हाताने ओढलीय."

"उस्तादांनी," बुवा म्हणाले.

बुवांनी उतरून बाटली रेघेपर्यंत भरली आणि भांड्यात ओतली. सासरे गुडघ्यावर बसले, डोळा पातळीशी आणला. गल्लीत कुणी श्वास घेईना.

"शहाण्णव."

पंक्चरवाल्याने बोटांवर हिशेब केला, चुकला, पुन्हा केला. शेवटी सासऱ्यांनीच सांगितलं, "लिटरला साठच्या वर चारशे मीटर." मग ते उठले, गुडघे झटकले. "जावईबापू, तीस वर्षांत मापात मारणारे खूप पकडले. सगळे गिऱ्हाइकाला मारत होते. स्वतःला मारणारा माणूस पहिल्यांदाच सापडला. जेवढं करता त्याहून कमीच सांगत आलात तुम्ही."

बुवा स्टुलावर तसेच बसले, हातात बोल्ट.

"बाटली जप्त," सासरे म्हणाले, आणि ती पिशवीत टाकून मापाचं भांडं त्यांनी बाकड्यावर ठेवलं. "हे आता इथेच राहील. पाटीचा तो बोल्ट लावा आधी. वाकडी झालीय, डावीकडे."

बुवा वर चढले. स्टूल हलू नये म्हणून सासऱ्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.