नापासताई

चहाला नुकती उकळी येत होती. सासूबाई गोळ्यांच्या डबीशी भांडत होत्या, आणि माझी मोठी नणंद, आमच्या ताई, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून डोळे मिटून बसल्या होत्या. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना दार बडवणारा माणूस एक तर घाईत असतो, नाहीतर रागात. दारातले गृहस्थ दोन्हीत होते. त्यांच्यापुढे नवीकोरी, बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची होती.

"मॅडम, काल तुम्ही हिला नापास केलंत," ते आत पाहत म्हणाले. "म्हटलं, घरीच दाखवावी. बघा तरी, किती गुणी आहे!"

मुलगी दाखवायला आणल्यासारखं बोलत होते. ताईंनी एक डोळा उघडला. "साहेब, आज माझी सुट्टी आहे."

ताईंचं काम कुणाला सांगायचं झालं की माझी तारांबळ उडते. प्रयोगशाळेत त्यांच्या खोलीवरच्या पाटीवर 'विद्युतचुंबकीय सुसंगतता' असं लिहिलंय. सासूबाईंनी ते एकदा वाचायला घेतलं आणि कवळी सावरत म्हणाल्या, "पोरी, सोपं काहीतरी शिकली असतीस." खोलीला तिजोरीसारखं लोखंडी दार, भिंतींना निळे टोकदार स्पंज. बाजारात येण्याआधी गाडी, पंखा, दिवा, काहीही तिथे तपासायला आणतात. वस्तूने स्वतःच्या विद्युत लहरींनी शेजारच्याला त्रास द्यायचा नाही आणि शेजारच्याच्या लहरींनी बिथरायचं नाही, एवढ्या दोनच अटी. "सासरी नांदण्याच्याच की," असं मी म्हटल्यावर सासूबाई आठवडाभर माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघत होत्या.

पण दोन अटींत भलेभले अडकतात. मोबाइल वाजला की वायपर फिरवणारी गाडी ताईंनी पाहिलीये, आणि लावला की रेडिओची खरखर करणारा दिवाही. पास झालेल्याला ताई आठवत नाहीत, नापास झालेला त्यांना विसरत नाही. कुणी हात जोडतं, कुणी वरच्या साहेबाचं नाव घेतं, एक जण तर ढसाढसा रडला होता. तिथली मंडळी त्यांना 'नापासताई' म्हणतात. ताई आधी त्यावर हसायच्या. आता घरी येतात त्या इतक्या थकून, की चपला काढायलाही खाली बसतात.

"खुर्च्या खोक्यांत भरून तयार आहेत मॅडम," गृहस्थ काकुळतीला आले. "रुग्णालयात माणसं वाट बघतायत. पहिला नमुना तुमच्याकडेच पास झाला होता. तीच खुर्ची, तेच सामान! मग बिघडलं कुठे?"

"ते शोधणं माझं काम नाही," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आपोआप हलली, म्हणून नापास."

"आमच्या कारखान्यात एकदाही हलली नाही! आजी, तुम्हीच बसून सांगा."

फुकटची सवारी सासूबाई कशाला सोडतील? त्या बसल्या, हाताशी असलेली चालवायची दांडी पुढे ढकलली आणि थाटात स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आल्या. "झकास आहे गं! हिला नापास करायला काय झालं?"

एवढ्यात जिन्यातून आमचे वॉचमनकाका वर येत होते, हातात त्यांचा बोलायचा वायरलेस. ताई ओल्या पायांनीच उठल्या.

"आई, ऊठ."

"अगं, आत्ता तर बसले..."

"ऊठ म्हणते ना!"

सासूबाई पुटपुटत उठल्या. ताईंनी खुर्ची जिन्याकडे पाठ करून भिंतीपुढे उभी केली. "काका, इथे जवळ उभे राहा आणि गेटवर काहीतरी बोला."

काकांनी बटण दाबलं. "हॅलो, गेट..." खुर्चीला कुणाचा हात लागला नव्हता. तरी ती ताडकन पुढे गेली आणि भिंतीवर आपटली. काकांनी घाबरून बटण सोडलं, तशी थांबली.

चहा उतू गेल्याचा वास आला, पण मला हलवेना. सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"रुग्णालयात असे वायरलेस दर मजल्यावर असतात," ताई म्हणाल्या.

गृहस्थ खुर्चीपाशी खाली बसले. "उघडतो," ते म्हणाले. "मला बघू द्या."

बॅटरी सुटी करून त्यांनी दांडीखालचं झाकण काढलं. आतलं काम पाहून मला कौतुक वाटलं. एकही तार लोंबत नव्हती, टोकांना काळ्या पट्टीची सुबक गुंडाळी. ताईंनी ती पट्टी नखाने सोडवली आणि वाकून आत पाहिलं.

"ही जाळी कुणी कापली?"

दांडीकडून येणाऱ्या तारेवर धातूची विणलेली जाळी होती. बाहेरच्या लहरी तारेत शिरू नयेत म्हणून ती जाळी टोकाशी लोखंडी सांगाड्याला घट्ट जोडायची असते. इथे तिच्या दशा साफ कापून वरून पट्टी लावली होती. जाळी होती, पण कशालाच जोडलेली नव्हती.

"आमच्याकडे तारा जोडणाऱ्या बाई आहेत," गृहस्थ हळूच म्हणाले. "फार टापटिपीच्या. सुटे धागे दिसले की त्यांना राहवत नाही. पहिला नमुना इंजिनिअरने स्वतः जोडला होता, बाकीच्या सगळ्या खुर्च्या त्यांनी." मग त्यांचा आवाज चढला. "आज जाऊन पहिलं त्यांना घरी बसवतो!"

ताई परत बादलीजवळ बसल्या. पाणी गार झालं होतं, तरी त्यांनी पाय आत सोडले.

"जाळी कशासाठी असते, हे त्यांना सांगितलं होतं?"

गृहस्थ सुटं झाकण परत बसवू लागले. "नमुना दिला होता. तसंच करा म्हटलं होतं."

"म्हणजे नाही सांगितलं." ताईंनी डोळे मिटले. "सगळ्या खुर्च्यांच्या जाळ्या जोडून घ्या, उद्या परत तपासते. पण त्या बाईंना कामावरून काढू नका. येताना त्यांना सोबत घेऊन या, जाळी कशासाठी असते ते मी दाखवते. तेवढं करा."